पाचवं बेट

"हे बघ, आज तोंडाला कुलूप," वहिनीने गाडीतच बजावलं. "शिंक आली तर नाक दाब. साप दिसला तर डोळे मीट. पायावर चढला तर चढू दे."

"आणि चावला तर?"

"तर हळू आवाजात मर."

हे असं चाललं होतं बघा दोघींचं. टकळी म्हणजे वहिनीची धाकटी नणंद. नाव अर्थातच तिच्या दादाने ठेवलेलं, कारण सकाळी डोळा उघडला की हिची जी टकळी सुरू व्हायची ती रात्री उशीवर डोकं पडेपर्यंत. चष्म्याच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवून "आता खालची ओळ वाचा" म्हणेपर्यंत त्याच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन कुठे झालं, किती टाके पडले, सगळं हिला ठाऊक झालेलं असायचं. आणि अशा पोरीला वहिनीने तळ्याकाठी गप्प बसायच्या कामावर नेमलं होतं! दुसरं कुणी नव्हतंच ना. वहिनी पाण्यात उतरते हे घरात फक्त टकळीला माहीत. दादाला वाटायचं, बायको काठावर सतरंजी टाकून पक्ष्यांचे फोटो काढते.

काठावर कसली! वहिनीचा धंदा सोफे शिवायचा. वर्कशॉपमध्ये फोम, रेक्झिन, लांब वाकड्या सुया, खिळे मारायचं पिस्तूल. त्याच फोमचं तिने एक मोठं कडं केलं होतं, गाडीच्या टायरएवढं. वर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर जाड कापड, आणि त्या कापडावर खऱ्यासारखी दिसणारी लव्हाळ्याची पाती, एकेक हाताने टाचलेली. दोघी त्याला टोपलं म्हणायच्या. वहिनी छातीपर्यंतची रबरी विजार घालून पाण्यात उतरायची, टोपलं डोक्यावरून घ्यायची, आत फोमवर कॅमेरा ठेवायचा आणि तळावर पाऊल टाकत, काठीने चाचपत, इंचाइंचाने पुढे सरकायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गवताचं एक बेट वाऱ्याने चाललंय. पक्ष्यांनाही तेच वाटायचं. एकदा तर खंड्या तासभर टोपल्यावर बसून मासे मारत होता. वहिनीच्या डोक्यापासून वीतभर वर!

टकळीचं काम एकच. काठावर घडीच्या स्टुलावर बसायचं, दुर्बीण डोळ्याला लावायची आणि टोपल्यावरची नजर काढायची नाही. टोपल्याच्या मागच्या फटीतून पांढरा हातमोजा वर आला की समजायचं, काहीतरी बिनसलंय. मग गाडीतून दोर आणायचा. बस्स. आवाज मात्र काढायचा नाही, काही झालं तरी.

त्याला कारण होतं. गेल्या वर्षी टकळी अशीच बसलेली असताना तिच्या चपलेवरून एक दिवड गेली, बिनविषारी, बिचारी आपल्या वाटेने चाललेली. हिने अशी काही किंकाळी फोडली की टिबुकली अंड्यांवरून उडालीच. टिबुकली म्हणजे ती मुठीएवढी पाणबुडी हो, पाण्यावर तरंगतं घरटं करते ती. एरवी ती जाताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून घेते, कुणाला दिसू नयेत म्हणून. त्या दिवशी वेळच मिळाला नाही. कावळा आला आणि चार मिनिटांत चारही अंडी संपवली. वहिनी कॅमेऱ्याच्या आडून बघत होती. आठ दिवस ती टकळीशी बोलली नाही. भाजी वाढायची, बोलायची नाही. टकळीला मारलं असतं तरी चाललं असतं, पण हे? हे म्हणजे जन्मठेप.

तेव्हा या वर्षी टकळीने मनाशी पक्कं केलं होतं, आकाश कोसळलं तरी हूं की चूं करायचं नाही.

तळं छोटंच, पण लांबट. एका टोकाला पाणी आत घ्यायची लोखंडी झडप, तिच्याशेजारी राखणदार काकांची खोली. समोरच्या टोकाला मोडकं कुंपण आणि झाडं. या दोघी कायम मोडक्या कुंपणातून शिरायच्या, कारण काका पाण्यात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. "तळाला गाळ आहे, माणूस गिळेल," म्हणायचे. वहिनी म्हणायची, "त्यांना काय, त्यांना बदकंसुद्धा काठावर बसलेली आवडतात."

अकराच्या सुमाराला वहिनीने विजार चढवली. टकळीने खांद्याचे पट्टे आवळून दिले.

"दोन घरटी आहेत," वहिनी कुजबुजली. "एक उजवीकडच्या लव्हाळ्यात, एक डावीकडे पाणकणसात. ज्याच्यावर टिबुकली बसलेली असेल तिकडे जाते. आज अंडी फुटणार बघ. पिल्लू आईच्या पाठीवर चढतं ना, तो फोटो मला पाहिजे. तीन वर्षं झाली टकळे."

"टोपल्याची लाल फीत कुठे गेली?" टकळीने विचारलं. मागच्या बाजूला एक लाल फीत असायची, तिला ओळखता यावं म्हणून.

"काढली. चांदवे बुजतात लाल रंगाला. आणि तू काय आंधळी आहेस? दिवसभर लोकांचे डोळे तपासतेस."

"अगं पण इतकं खरं दिसतंय, उद्या गाय येऊन खाईल तुला."

वहिनी हसली, टोपल्यात शिरली आणि गेली.

सुरुवातीला टकळीने मन लावून बघितलं. तळ्यात गवताची चार खरी बेटं होती, पाचवी वहिनी. पाचवं बेट उजवीकडे चाललं होतं, गोगलगायीच्या चालीने. समोरच्या दगडावर कासव मान ताणून ऊन खात होतं. चांदवे, ते काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले, इकडून तिकडे उगाच फेऱ्या मारत होते. कुठे पान हलत नव्हतं. एक चतुर येऊन दुर्बिणीच्या टोकावर बसला. मनातल्या मनात टकळीचं चालूच होतं: काय रे चतुरा, चष्मा लागलाय का, खालची ओळ वाच बघू.

आणि मग डावीकडे, लांब, पाणी फुटलं.

पाणमांजरं! टकळीने जन्मात पाहिली नव्हती. आधी एक चपटं डोकं, मिशा, मग दुसरं. एकमेकांच्या अंगावर चढत होती, मासा हिसकावत होती. एकाने तर उताणं पडून मासा दोन्ही हातांत धरला आणि मक्याच्या कणसासारखा कचाकचा खाल्ला. दुसरं येऊन त्याच्या पोटावरच आदळलं. कधी तीन डोकी दिसायची, कधी पाच, मोजायला जावं तर बुडी. टकळीला हसू आवरेना. एक हात तोंडावर दाबून, दुसऱ्या हाताने दुर्बीण धरून ती गदागदा हसत होती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आवाज मात्र अजिबात नाही हां. आपलं आपल्यालाच कौतुक वाटलं तिला, बघ वहिनी, कशी गप्प बसलेय.

किती वेळ गेला? तिला वाटलं पाच मिनिटं.

पाणमांजरं दिसेनाशी झाली तशी तिने दुर्बीण उजवीकडे फिरवली. टोपलं होतं. लव्हाळ्याजवळ, छान, निवांत. टकळीचा जीव भांड्यात पडला. आता नाही नजर काढायची, तिने स्वतःला दम दिला आणि खरंच काढली नाही. एक चांदवा त्या बेटावर चढला, इकडेतिकडे चालला, पंख साफ करायला लागला. टकळी मनात म्हणाली, वहिनी, तुझ्या डोक्यावर चांदवा नाचतोय गं. घरी जाऊन दादाला... नाही, दादाला नाही सांगायचं.

पायाला गार लागलं.

खाली बघितलं तर स्टुलाचे पुढचे दोन पाय पाण्यात. तिचे बूटही पाण्यात. तिने नकळत पाय मागे घेतले आणि स्टूल ओढलं. मग डोक्यात काहीतरी खटकलं. बसले तेव्हा पाणी दोन हात लांब होतं की. तिने समोर बघितलं. कासवाचा दगड कुठे गेला?

दगड नव्हता. म्हणजे होता, पाण्याखाली. पिवळट सावली दिसत होती नुसती.

तळ्याला काय भरती येते?  वहिनी उतरली तेव्हा पाणी तिच्या कमरेला होतं. विजार छातीपर्यंत. विजारीच्या काठावरून पाणी आत शिरलं की विजारीचा हौद होतो, मग पाय उचलता येत नाही, हे वहिनीनेच सांगितलं होतं. आणि पोहता? पोहता दोघींनाही येत नव्हतं. "कमरेएवढ्या पाण्यात पोहायचं काय," असं म्हणायची वहिनी.

पण पांढरा हातमोजा तर दिसत नाहीये, टकळीने स्वतःला समजावलं. बिनसलं असतं तर हात वर केला असता. ती त्या बेटाकडे बघत राहिली. हात नाही. कॅमेऱ्याची काचही चमकत नाही. एवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, बेट हळूच गोल फिरलं आणि त्याची मागची बाजू दिसली.

मागे फट नव्हती. कापड नव्हतं. मुळं लोंबत होती, चिखलाची, काळी.

टकळी इतका वेळ गवताच्या गठ्ठ्याची राखण करत होती!

तिने दुर्बीण भराभर फिरवली. मघाशी पाच बेटं होती. आता मोजली तर आठ. पाणी चढल्यावर काठचं गवत सुटून आणखी बेटं झाली होती. सगळी सारखी. सगळी हिरवी, सगळी शेंड्याला पिवळी. वहिनीच्या सुईत जादू होती ना, त्याची फळं ही. लाल फीत असती तर... पण ते आता बोलून काय उपयोग.

थांब, थांब, विचार कर. टकळीने डोळे गच्च मिटून उघडले. वारा आहे. वाऱ्याने खरी बेटं वाहणार. वहिनी पाय रोवून उभी असणार, म्हणजे जे बेट हलत नाही ते वहिनी. आहे की नाही सोपं? तिने एकेक बेट धरलं, त्याच्या मागचं झाड खुणेला घेतलं आणि बघत राहिली. पहिलं सरकलं. दुसरं सरकलं. तिसरं, चौथं. सातवं जरा अडकल्यासारखं वाटलं, मग तेही सुटलं आणि सरकलं.

आठही सरकत होती. एकाच्याही खाली पाय नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, ओरडायचं ना! आपण सगळेच ओरडलो असतो. पण टकळी ओरडली नाही. तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर आला तो कावळा आणि भाजी वाढणारी वहिनी. समजा वहिनी लव्हाळ्यात शिरली असेल, मजेत फोटो काढत असेल, पिल्लू नेमकं बाहेर येत असेल, तीन वर्षं झाली टकळे... आणि आपण पुन्हा बोंब ठोकली तर? ती "वहिनी" म्हणाली, पण कुजबुजत. तिचं तिलासुद्धा नीट ऐकू आलं नाही. दोन्ही हात वर करून नाचली. शर्टाची बाही हलवली. वहिनीचा फोन लावला, तर तो मागे गाडीत वाजायला लागला. बारीक, बंद काचांच्या आत.

या सगळ्यात पाणी स्टुलाच्या मागच्या पायांना लागलं.

एक बेट तिच्याच दिशेने येत होतं. वाऱ्याने ढकलत, हलके हलके, अगदी काठाला आलं आणि चिखलाला टेकलं. त्याची पाती ओळीने लावलेली होती. टाके दिसत होते. टोपलं.

"वहिनी?"

टोपलं डुलत होतं. टकळी गुडघ्यावर बसली आणि मागची फट वर केली. आत कॅमेरा होता, पट्ट्याला बांधलेला. फोमवर पाणी साचलेलं. कॅमेऱ्याचा हिरवा दिवा चालू. वहिनी नव्हती.

आणि मग ओरडली बाई टकळी. शब्द नव्हताच तो. काळजाच्या देठापासून नुसता आवाज. अख्खं तळं उचललं गेलं म्हणा ना. चांदवे पाणी तुडवत उडाले, बगळे झाडांवरून सुटले, कुठून कुठून बदकं निघाली, वर नुसता पंखांचा गोंधळ. ती ओरडतच राहिली. मग दम संपला म्हणून थांबली.

पाण्यावर पिसं पडत होती.

"...इकडे."

डावीकडून. पाणकणसातून. एवढासा आवाज.

टकळी काठाकाठाने धावली, घसरली, पुन्हा उठली. पाणकणीस बाजूला सारलं तर सात-आठ हातांवर वहिनीचं डोकं. फक्त डोकं आणि दोन हात. हातांत पाणकणसाची मूठभर पानं गच्च धरलेली, एक हातमोजा गायब. पाणी गळ्याशी. तोंड असं पांढरं, की चुना लावलाय. आणि तिच्यापासून हातभर अंतरावर टिबुकलीचं घरटं, पाण्याबरोबर आपलं आपलं वर चढलेलं.

टकळीने पाण्यात पाय टाकला. गुडघ्यापर्यंत गेला, आणि खाली कुणीतरी तोंड मिटावं तसं झालं. बूट आतच राहिला. कसाबसा पाय उपटला.

"नको!" वहिनी म्हणाली. दात एकमेकांवर आपटत होते. "तू नको येऊस. गाळ आहे. पाय... दोन्ही पाय गेलेत. काकांना बोलाव. झडप. झडप उघडी आहे बहुतेक."

"दोर आणते!"

"दोराने नाही निघणार. विजार भरलीय. काका."

आता कल्पना करा. काकांची खोली तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाला. धावत पाच मिनिटं, येताना पाच. आणि पाणी गळ्याशी. टकळीने जावं तर मागे काय होईल ते दिसणार नाही, थांबावं तर डोळ्यांदेखत दिसेल. ती तशीच उभी राहिली, दोन-तीन सेकंद असतील, पण आजही ती म्हणते की अख्ख्या दिवसात सगळ्यात वाईट तेच.

"बोलत जा," वहिनी म्हणाली.

"काय?"

"मोठ्याने. मला ऐकू येऊ दे. जा."

आणि टकळी सुटली. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, आणि तोंडाने अखंड. "वहिनी मी कुंपणाशी आले गं! वहिनी मी वळले! वहिनी काटा रुतला, रुतू दे! तो सोनेरी फ्रेमवाला म्हातारा आठवतो का, काल परत आला, म्हणतो बायको जाडी दिसते, काचा बदला! वहिनी ऐकतेस ना! काकाऽऽ! वहिनी खोली दिसली! काकाऽऽ!" श्वास पुरत नव्हता, छातीत सुया टोचत होत्या, पण थांबली नाही. थांबलं की मागे वहिनी एकटी पडणार, एवढंच डोक्यात. मध्ये मध्ये ती कान द्यायची, पण मागून काहीच येत नव्हतं.

काका खोलीतून बाहेर आलेच होते. एवढे पक्षी उडालेले बघून शेतातून माणसं आली असती, ते तर तिथलेच. दारावर कागद चिकटवलेला होता: वरचा कालवा साफ करायचा आहे, दिवसभर कालव्याचं पाणी तळ्यात सोडलं जाईल, कुणी पाण्याजवळ जाऊ नये. तळ्याच्या पुढच्या फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला तो दिसला असता.

"माणूस? आत?" काकांचा चेहराच उतरला. "अगं पोरी, सकाळी दोन चकरा मारल्या मी! कुणी नव्हतं!"

होतंच ना. पण एक झाडांआड, दुसरं गवत होऊन.

काका म्हातारे, पण झडपेच्या लोखंडी चाकाला असे लोंबकळले की बघत राहावं. टकळीने दुसऱ्या बाजूने धरलं. करकर करत झडप बसली, पाण्याचा आवाज थांबला. मग काकांनी खोलीच्या छपराला लावलेली शिडी ओढली, टकळीने दुसरं टोक उचललं आणि दोघं धावले. आणि टकळी पुन्हा सुरू, "वहिनी शिडी आणली! वहिनी झडप बंद! वहिनी, आलोच!"

हनुवटीला लागलं होतं पाणी. डोळे उघडे होते. ते आधी बघितलं टकळीने, डोळे उघडे आहेत का.

काकांनी शिडी पाणकणसावर आडवी सरकवली आणि पोटावर पडून पुढे गेले. "बाई, माझ्या मानेला धरा. पानं सोडा. सोडा म्हणतो ना!" वहिनीची बोटं सुटेनात, एकेक उघडावं लागलं. काकांनी पाण्यात हात घालून कमरेच्या कोयत्याने खांद्याचे पट्टे कापले. "आता विजारीतून निघा. विजार जाऊ दे, तिला तळं नेईल." टकळी शिडीचं मागचं टोक अंगाखाली दाबून पडली होती आणि काकांचे पाय धरून ओढत होती. कसलं तरी चुळूक असं झालं आणि वहिनी आली. मासा ओढावा तशी शिडीवर आली, चिखलाने काळी. विजार तिथेच राहिली, उभीच्या उभी, गाळात.

घरट्याचं काय झालं ते कुणी बघितलंच नाही.

काकांच्या खोलीत शेगडी पेटवली. दोन घोंगड्या, वर काकांचा कोट. काका कागद पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होते आणि ओरडत होते आणि मध्येच कपाळाला हात लावून बसत होते. मग "पाणी ओसरतंय का बघतो" म्हणून बाहेर गेले.

दोघीच राहिल्या. टकळी वहिनीचे तळवे चोळत होती. "अगं हाक का नाही मारलीस? एक हाक मारायची गं! मला लगेच कळलं असतं!"

वहिनी शेगडीकडे बघत होती. "उजवीकडचं घरटं रिकामं होतं, म्हणून डावीकडे वळले. आधी अंड्यामुळे नाही ओरडले. चोच दिसत होती बाहेर आलेली. म्हटलं आता ओरडले तर... आणि हात वर केलाच होता मी."

"कधी?"

"अकरा वेळा केला," वहिनी म्हणाली. "मोजले. पहिल्यांदा केला तेव्हा पाणी छातीला होतं. तू माझ्याकडेच बघत होतीस. दुर्बीण थेट माझ्यावर. म्हटलं दिसलं हिला, येईल आता दोर घेऊन."

टकळीचा हात थांबला.

"तू हसत होतीस," वहिनी म्हणाली. "खांदे हलत होते तुझे. तोंडावर हात होता. मी पुन्हा हात वर केला, तू आणखी हसलीस. मग डोळे पुसलेस आणि दुर्बीण दुसरीकडे फिरवलीस."

"वहिनी, पाणमांजरं होती!" टकळी जवळजवळ किंचाळली. "तुझ्या मागे! लांब! दुर्बीण लांबवर लावली ना की जवळचं दिसत नाही गं, धूसर होतं, पुसून जातं, तुझा हात मला दिसलाच नाही, देवाशप्पथ! मी त्यांना हसत होते, एक उताणं पडून मासा खात होतं, मी उजवीकडे समजत होते तुला..."

"मग हाक मारावीशीच वाटेना," वहिनी म्हणाली, जणू तिने ऐकलंच नव्हतं. "बघतेय तर आहेच, म्हटलं. ओरडून काय होणार. टोपलंही सोडून दिलं, वाऱ्याने ओढत होतं. पाण्याची इतकी नाही भीती वाटली मला. पाणी काय, पाणी आहे."

 टकळीने तळवे चोळायला घेतले, पण वहिनीने पाय अलगद घोंगडीत ओढून घेतले.

 मग वहिनीने विचारलं, "किती होती?"

"काय किती?"

"पाणमांजरं."

टकळीने सांगितलं. लगेच सांगितलं, विचारही न करता. वहिनीने मान हलवली.

परतताना गाडी टकळीने चालवली. वहिनी शेजारी, काकांच्या कोटात, केसांत अजून शेवाळ. दादाला काय सांगायचं ते ठरवायला हवं होतं, पण कुणीच काढलं नाही. सिग्नलला गाडी थांबली. टकळी समोर बघत होती, पण तिला कळत होतं की वहिनी समोर बघत नाहीये, आपल्याकडे बघतेय. चेहऱ्याकडे, निरखून, अंड्याला तडा गेलाय का बघतात तसं.

"टकळे."

"हं?"

"किती होती म्हणालीस?"

दिवा हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. टकळीचं पाऊल क्लचवरून सुटलं, गाडी बंद पडली.  कधी तीन डोकी दिसली होती, कधी पाच. मघाशी खोलीत आपण चार म्हणालो की पाच, तिला काही केल्या आठवेना, आणि वहिनी वाट बघत होती.